अख्ख्या मांडीच्या रोस्टबरोबर काय वाढावं : बेळगावच्या बाजारातल्या जिनसांची पारख

बोकडाची अख्खी मांडी भाजून ताटात आली की पहिली अडचण होते ती रश्श्याची. आपल्या भागात मटण म्हटलं की एका वाटीत तांबडा, दुसऱ्या वाटीत पांढरा, बाजूला सुकं आणि भाकरी असं ताट ठरलेलं. रोस्टला रस्सा नाही. मसाला वरच्या थरावर करकरीत बसलेला, आतलं मटण मऊ पण सौम्य आणि भांड्याच्या तळाशी वाटीभर रस, बस्स. अशा मटणाभोवती खानावळीचं नेहमीचं ताट जसंच्या तसं मांडलं तर भाकरी कोरडी गिळावी लागते, भरलं वांगं आणि मटण एकमेकांवर चढतात आणि तिसऱ्या-चौथ्या घासाला जीभ थकते. रोस्टच्या सोबतीला मसाला लागत नाही. लागतं ते काहीतरी आंबट, काहीतरी झणका देणारं, एक रस शोषणारं आणि एक पातळ. या चारांत बसेल ते घ्यावं, न बसेल ते कितीही आवडतं असलं तरी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं.

खालची पारख बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात सहज मिळणाऱ्या जिनसांची आहे. मापं सहा माणसांची, हाडासकट दीड ते पावणेदोन किलोच्या मागच्या मांडीला धरून. मांडी आदल्या रात्री दही, आलं-लसूण, मीठ आणि मिरचीच्या वाटणात मुरवलेली, झाकून १६० अंशांवर सव्वातीन तास आणि उघडी करून २२० वर २० मिनिटं भाजलेली, असं गृहीत धरलं आहे. वाटणाला रंगासाठी ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. सहा ब्याडगीला दोन संकेश्वरी पुरतात. संकेश्वरीचं प्रमाण वाढवलं की पुढची सगळी निवड बिघडते, कारण मग दही सोडून ताटातली दुसरी कुठली चवच लागत नाही.

मुळा आणि फेसलेली मोहरी

सगळ्यात वरचा क्रमांक यालाच. इंग्रजांच्या रविवारच्या जेवणात गोमांसाच्या रोस्टबरोबर भाजलेले बटाटे, यॉर्कशायर पुडिंग आणि हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची झणझणीत चटणी असते. हॉर्सरॅडिश इथे मिळत नाही आणि बाटलीतलं मागवायची गरजही नाही. ते मूळ, आपली मोहरी आणि आपला मुळा ही एकाच कुळातली झाडं. तिघांचा झणका मिरचीसारखा जिभेवर बसून राहत नाही. नाकात चढतो आणि क्षणात उतरतो. चरबीदार मटणाचा घास संपल्यावर तोंड मोकळं करायला याहून सरस काही नाही.

हा झणका आयता नसतो. मुळा किसला किंवा मोहरी ओली करून वाटली की आतले दोन वेगवेगळे घटक एकमेकांना भेटतात आणि तेव्हा तो तयार होतो. म्हणून मोहरी गार पाण्यातच फेसायची. कढत पाणी घातलं की झणका यायच्या आधीच मरतो आणि नुसता कडवटपणा उरतो. दोन चमचे मोहरी खलबत्त्यात भरड करून तीन चमचे गार पाणी घालून फेसावी आणि दहा मिनिटं झाकून ठेवावी. नाकाला लागू लागली की लगेच अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूट मीठ. आंबटाने तो झणका टिकून राहतो. त्यात तासभर फडक्यात टांगलेलं २०० ग्रॅम दही, शेवटी २५० ग्रॅम किसलेला पांढरा मुळा.

मुळा वाढायच्या दहा मिनिटं आधी किसायचा, त्याआधी नाही. मीठ लागलं की तो पाणी सोडतो, दही पातळ होतं आणि तासाभरात त्याला उग्र वास येऊ लागतो. साल जाड काढू नये, तिखटपणा सालीजवळच जास्त असतो. बाजारात घेताना बोट मारून बघावं: भरीव आवाज आला तर घ्यावा, पोकळ आला तर आतून जाळी पडलेली असते आणि त्याचा कीस चोथ्यासारखा लागतो. पानं ताजी असतील तर कोवळी तेवढी चिरून त्यातच घालावीत.

शेंगाचटणी

बेळगावात प्रत्येक किराणा दुकानात मिळते आणि दर्जा दुकानागणिक बदलतो. चांगली शेंगाचटणी कुटलेली असते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात कुटलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत दाबली तर गोळा धरते. यंत्रावर पूड केलेली चटणी भुरभुरीत, फिकट आणि कोरडी असते. ती खाताना ठसका लागतो. पाकीट घेताना आरपार दिसत असेल तर आतल्या बाजूला तेलाचा ओशटपणा आहे का बघावा, सुटी घेत असाल तर चिमूटभर बोटांत चोळावी. खवट वास आला तर परत करावी. शेंगदाणा खवट झाला की लसूण कितीही घातला तरी तो वास झाकत नाही. लसूण घातलेली चटणी महिन्याभरात संपवावी, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

एरवी हिच्यावर तेल घेतात. रोस्टबरोबर तेल घेऊ नये, ताटात चरबी आधीच भरपूर आहे. घट्ट, किंचित आंबट दह्यात कालवावी, एक वाटी दह्याला दोन मोठे चमचे. दही गोड असेल तर मजा जाते, आदल्या सकाळचं विरजण बरं.

तिच्याच शेजारी कारळ्याची, म्हणजे इथल्या बोलीत गुरेळाची, काळी चटणी असते. ती चांगली आहे, पण तिचा कडसर, धुरकट स्वाद भाजलेल्या मटणाच्या स्वादातच मिसळून जातो. वेगळं काही देत नाही. जवसाच्या चटणीचंही तेच. दोन्ही नुसत्या भाकरी-दह्याच्या जेवणाला राखून ठेवाव्यात.

भाकरी, ताजी आणि कडक

ताजी भाकरी शाळूचीच. पीठ दळून आठ-दहा दिवसांच्या आतलं हवं. जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात. नाइलाज असेल तर पाणी उकळून त्यात निम्म्या पिठाची उकड काढावी आणि उरलेलं पीठ त्यात मळावं, भाकरी तुटत नाही. पण खरी अडचण वेळेची असते. रोस्टचे शेवटचे चाळीस-पन्नास मिनिटं ओव्हनपाशी जातात, त्याच वेळी तव्यासमोर कुणीतरी बारा भाकऱ्या थापत उभं राहायला हवं. घरात दोन हात जास्त नसतील तर कडक भाकरी घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

पाकिटातली कडक भाकरी, कडक रोट्टी, उत्तर कर्नाटकाची खास चीज आहे. ज्वारीची साधी आणि बाजरीची तिळाची, दोन्ही मिळतात. रोस्टला ज्वारीची घ्यावी. बाजरीचा स्वाद दांडगा, शिवाय वरचे तीळ सगळ्यात आधी खवट होतात. कडक भाकरीची परीक्षा मोडून करावी: कट्कन तुटली पाहिजे. वाकून मग तुटली तर हवा लागून सादळली आहे. पावसाळ्यात इकडची हवा इतकी दमट असते की फोडलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी चामड्यासारखं होतं. अशी भाकरी मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं ठेवली की पुन्हा खुसखुशीत होते, वाया जात नाही.

रोस्टबरोबर ती दोन प्रकारे उत्तम लागते. एक, तुकडे करून नुसती, मऊ मटणाच्या जोडीला करकर म्हणून. दुसरा प्रकार जास्त चांगला: मोठे तुकडे ताटाच्या तळाशी मांडून त्यावर मटणाचे काप आणि वरून भांड्यातला गरम रस. यॉर्कशायर पुडिंग जे काम करतं तेच इथे भाकरी करते. रस ओतल्यावर तीन-चार मिनिटांत खायला घ्यावं, नाहीतर लगदा होतो. पाणी शिंपडून ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची पद्धतही आहे, पण त्याने ती ताज्या भाकरीसारखी होत नाही आणि कडकही राहत नाही.

रताळी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं हे नगदी पीक, आणि महाशिवरात्रीच्या आगेमागे बाजार रताळ्यांनी भरलेला असतो. उपासाला आपण ती उकडतो आणि तिथेच थांबतो. मटणाच्या जोडीला रताळं भाजून वाढायची रीत इथे नाही, ती पडायला हवी. तिखट, खारट, करपट कडेच्या मटणाला गोड कंदाची साथ फार चांगली मिळते.

मात्र घाईने भाजलं तर रताळं गोड होत नाही. त्याच्यातला स्टार्च साखरेत बदलायला मंद आच आणि वेळ लागतो. एकदम कडक आचेवर टाकलं तर तो बदल व्हायच्या आतच ते शिजून जातं. योगायोगाने रोस्टची मंद आच याला नेमकी बसते. एक किलो रताळी सालीसकट स्वच्छ घासून धुवावीत, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करावेत, दोन चमचे तेल, मीठ लावून मांडीच्या खालच्या कप्प्यात १६० वर तासभर, आणि शेवटी आच वाढेल तेव्हा तिथेच १५ मिनिटं. तुकडे एकमेकांना चिकटून ठेवू नयेत. ट्रे गच्च भरला की रताळी भाजण्याऐवजी वाफेत शिजतात आणि कडा कधीच तांबूस होत नाहीत. बाहेर काढल्यावर लिंबू आणि जाडसर कुटलेली संकेश्वरी मिरची. लिंबू विसरू नये; त्याशिवाय ते गोडधोड वाटतं.

बाजारात मध्यम जाडीची, दोन्ही टोकं निमुळती अशी घ्यावीत. फार मोठ्या रताळ्यांत दोरे असतात. एखाद्या ठिकाणी काळा, टणक डाग किंवा बारीक भोक दिसलं तर ते रताळं सोडून द्यावं, किडीचा कडवटपणा शिजवून जात नाही.

बटाटा

बटाटा सगळ्यांना हवाच असतो, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त वेळा फसतो. कारण बटाट्याची जात आणि वय. पावसाळी पिकाचा नवा बटाटा पाणीदार, पातळ सालीचा असतो. रश्श्यात तो सुरेख लागतो, भाजून मात्र वरून चिवट आणि आतून चिकट राहतो. शीतगृहातल्या बटाट्यात गारव्यामुळे साखर वाढलेली असते, तो बाहेरून झपाट्याने काळा पडतो आणि आत कच्चा राहतो. असा बटाटा घरात टोपलीत आठ-दहा दिवस मोकळा ठेवला की ती साखर बरीच कमी होते. तेव्हा जाड सालीचा, कोरडा, कोंब न आलेला जुना बटाटा आठवडाभर आधी आणून ठेवावा.

सव्वा किलो बटाटे सोलून मोठे तुकडे करावेत. दोन लिटर उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळावेत, कडा भुसभुशीत दिसेपर्यंत. सोड्याने बटाट्याचा वरचा थर विरघळल्यासारखा होतो, आणि तोच थर पुढे करकरीत कवच बनतो. पाणी काढून पाच मिनिटं वाफ जाऊ द्यावी, मग पातेलं झाकून तीन-चार वेळा हिसडावं. ट्रेमध्ये चार-पाच चमचे चरबी कडकडीत तापवून त्यात हे तुकडे सोडावेत. मटण घेताना खाटकाकडून शंभर ग्रॅम चरबी मागून घ्यावी आणि मंद आचेवर वितळवून गाळावी. तेलापेक्षा कितीतरी पटींनी चव वाढते. २२० अंशांवर ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

दीडला पान मांडायचं असेल तर हिशेब असा: मांडी सव्वानऊला आत, रताळी साडेअकराला, साडेबाराला आच वाढवायची आणि मांडी उघडायची, पावणेएकला रताळी काढून त्यांच्या जागी बटाटे, बारा पन्नासला मांडी बाहेर. ती कागदात सैल झाकून राहू द्यावी, तेवढ्या वेळात बटाटे होतात. मांडी काढल्या काढल्या कापली तर रस पाटावर वाहून जातो. किमान २० मिनिटं हवीतच, ४० झाली तरी बिघडत नाही.

भात

येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ या शिवारांतल्या बेळगाव बासमतीला मान द्यायचाच, पण रोस्टच्या पानात नाही. तो तांदूळ वासासाठी घ्यायचा असतो आणि भाजक्या मसाल्याच्या वासापुढे तो वास हरतो. शिवाय त्या नावाने भेसळीचा तांदूळही विकला जातो, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्यावा आणि साध्या वरणाबरोबर खावा. रोस्टच्या दिवशी भात शेवटी, मूठभर, पांढऱ्या रश्श्यापुरता. रोजचा जुना तांदूळ चालतो, एकाला दोन पाणी.

रस्सा, एकच

पाहुण्यांना रस्सा नाही असं सांगायची सोय आपल्याकडे नाही, तेव्हा करावा, पण एकच आणि तोही पांढरा. मांडीवर लाल वाटण आहेच, त्यावर तांबडा रस्सा म्हणजे तीच चव दुसऱ्यांदा. खाटकाकडून ४०० ग्रॅम नळ्या आणि हाडं वेगळी घ्यावीत. आलं, लसूण, मिरे, दालचिनी घालून कुकरला ४० मिनिटं, मग गाळून वरची चरबी काढून टाकावी. दहा काजू, एक-एक चमचा तीळ आणि खसखस भिजवून गंधासारखं वाटून त्यात घालावं आणि उकळी आल्यावर आच कमी करून अर्ध्या नारळाचं घट्ट दूध. नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळलं की रस्सा फुटतो आणि वर तेलाचे थेंब तरंगतात. फुटलेला रस्सा पुन्हा एकजीव होत नाही, म्हणून तिथून हलू नये. रोस्टच्या भांड्यातला रस यात मिसळू नये, रंगही जातो आणि चवही. तो वेगळा, गरम, छोट्या तांब्यात.

सोलकढी

चोर्ला घाटाच्या पलीकडून कोकम येतं, त्यामुळे आपल्याकडे माल चांगला मिळतो. गोंधळ होतो तो बाटल्यांत. कोकम सरबताची बाटली साखरेची, तिची सोलकढी होत नाही. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीत मीठ आधीच असतं. पाऊण लिटर नारळाच्या दुधाला चार मोठे चमचे आगळ घालून आधी चव घ्यावी, मग गरज असली तरच मीठ. सुकी आमसुलं असतील तर पंधरा-सोळा, कोमट पाण्यात अर्धा तास. काळसर आणि लवचीक हवीत, कडक झालेली जुनी असतात आणि रंगच सोडत नाहीत.

सोलकढी माठातल्या पाण्याइतकीच गार असावी, त्यात बर्फ घालू नये. बोकडाची चरबी लवकर गोठते. गरम घासावर बर्फाचा घोट घेतला की टाळूला मेणासारखा थर बसतो आणि मटणाला नाहक नावं ठेवली जातात. त्याच कारणाने ताटंही गरम पाण्यातून काढून पुसून घ्यावीत.

काय नको

एण्णेगायी, म्हणजे भरलं वांगं, नको. शेंगदाणा, तीळ, तेल, मसाला हे सगळं रोस्टवर ओझं होतं. झुणका नको, कोरड्यावर कोरडं. सावजी पद्धतीचा जाळ तिखट रस्सा तर अजिबात नको. तो स्वतःच एक पूर्ण जेवण आहे. पापड घरात असेल तर चालेल, नसेल तर आणायला जाऊ नये.

त्याऐवजी कोवळ्या मेथीची जुडी आणावी. इकडच्या रोट्टीच्या जेवणात कच्ची मेथी, कांदा, काकडी देतात ती रीत रोस्टला फार शोभते. लाल मातीत वाढलेली, बोटभर उंचीची, बारीक पानांची मेथी घ्यावी आणि तीन पाण्यांतून धुवावी. मोठ्या पानांची मेथी कच्ची खाववत नाही. पानं पुसून कोरडी करून नुसती ताटात ठेवावीत, मीठ-लिंबू ज्याचं त्याने घ्यावं.

गोडाला कुंदा हवाच म्हणणारे घरोघरी असतील. माणशी दोन चमचे पुरे, कोमट करून. दाणेदार, तपकिरी आणि दाबल्यावर तूप न गळणारा कुंदा घ्यावा. मांडे या जेवणावर देऊ नयेत, भरल्या पोटी त्यांचा पापुद्रा कुणाला कळतच नाही.

उरलेलं मटण हाडावरून सोडवून ठेवावं. रात्री कडक भाकरीचे तुकडे, कांदा, ते मटण आणि मुळ्याचं उरलेलं दही एकत्र कालवून खाता येतं. मुळ्याने पाणी सोडलेलं असतं, पण इथे ते भाकरी मऊ करायच्या कामी येतं.